घर मागे, ओढणारा पुढे : ओझं नेमकं बसतं कुठं?

आजचा विषय एका मुलाच्या प्रश्नावरून निघाला. त्यानं आम्हाला मोबाइलवर अमेरिकेतला एक व्हिडिओ दाखवला. पुढं पिकअप आणि मागं अख्खं घर. पलंग, न्हाणी, स्वयंपाकघर, सगळं त्यात. घराचं तोंड पिकअपच्या हौद्यात टेकलेलं. पोरगं म्हणालं, "सर, आपल्या पिकअपचे पाटे वाढवले, हौद्यात एक प्लेट वेल्ड करून घेतली, तर असं घर ओढता येईल का?"

उत्तर सोपं आहे : नाही. पण ते 'नाही' का, हे समजून घेणं सेनगावात फार गरजेचं आहे. कारण आपल्या तालुक्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास घरं निघतातच की! ऊसतोडीला जाणारं बिऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढतं. धान्याची पोती, भांडी, पाल, सरपण, आणि त्या सगळ्याच्या वर लेकरंबाळं. त्या अमेरिकन घरात प्रवासात सहसा कोणी बसत नाही. आपल्या ट्रॉलीवर मात्र सगळं घरच बसलेलं असतं.

आता बैलगाडी आठवा. इथं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना हे शिकवायची गरज नाही. गाडीत ओझं मागं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, बैलांचा गळा आवळतो. ओझं फार पुढं घेतलं तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून आपले आजोबा ओझं आखाच्या किंचित पुढं ठेवायचे. आज आम्ही जे काही सांगणार आहोत, ते सगळं या एका गोष्टीतच आहे.

आकड्यांत बघू. दोन चाकांची ट्रॉली धरा. आखापासून हुकापर्यंत ३ मीटर अंतर. ट्रॉलीचं आणि मालाचं मिळून १,००० किलो वजन, आणि त्याचा मध्य आखाच्या ३० सेंटीमीटर पुढं. तर हुकावर किती येईल? १,००० गुणिले ०.३, भागिले ३. म्हणजे १०० किलो, दहा टक्के. आता तोच मध्य ३० सेंटीमीटर मागं सरकवा. हुक १०० किलोच्या जोरानं वर उचलायला लागेल. झाली ट्रॉली उलाळ. अशी ट्रॉली वेगात गेली की शेपटीसारखी डावी-उजवी हलायला लागते आणि पुढच्या गाडीलाही हलवते.

दुसरी गोष्ट, हुक कुठं आहे. पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर धरा. हुक मागच्या आखाच्या १.२ मीटर मागं, बंपरखाली. त्यावर ३०० किलो ओझं टाकलं, तर मागच्या चाकांवर ३०० नाही, ४२० किलो वाढतात. वरचे १२० किलो येतात पुढच्या चाकांवरून. म्हणजे जी चाकं गाडी वळवतात, तीच हलकी होतात. म्हणून जड ओझं ओढायला हुक मागच्या आखाच्या बरोबर वर आणला. तिथं ३०० किलो टाकले की ३०० किलोच येतात, पुढची चाकं जमिनीला धरून राहतात. शिवाय मागचं घर डावी-उजवीकडं ढकलायला लागलं तरी त्याला पिकअप फिरवायला तरफ मिळत नाही.

या जोडणीला 'फिफ्थ व्हील' म्हणतात, पाचवं चाक. नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. पुढचा आख वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवी गोल चकती असायची, तेच पाचवं चाक. लांब कशाला जाता, आपल्या चार चाकी ट्रॉलीच्या पुढच्या आखावर तशीच गोल चकती असते. आणि हायवेवर कंटेनर ओढणारा ट्रेलर बघा. पुढच्या भागाला ड्रायव्हर लोक 'घोडा' म्हणतात. त्या घोड्याच्या पाठीवरची काळी, ग्रीस लावलेली प्लेट, तेच पाचवं चाक.

मग आपल्या पिकअपला ते का जमत नाही? पाच टनांचं घर धरा. अशा जोडणीत साधारण १५ ते २५ टक्के भार पिकअपवर येतो. २० टक्के धरले तरी एक टन. आपल्याकडच्या नेहमीच्या पिकअप १.३ ते १.७ टन माल वाहतात. पोरगं लगेच म्हणालं, "मग बसतंय की!" बसतंय, पण थांबतंय का? गाडीचे ब्रेक तिच्या स्वतःच्या भरल्या वजनाला, साधारण तीन टनांना, बनवलेले. इथं तर सगळं मिळून सात-आठ टन होतं. पाटे वाढवले म्हणजे फक्त गाडी खाली बसत नाही. आख तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेक तेच. त्या अमेरिकन गाड्या एवढ्या एकत्र वजनासाठी कारखान्यातूनच तशा येतात, आणि मागच्या घराला स्वतःचे ब्रेक असतात, ते ड्रायव्हरच्या पायाबरोबर लागतात.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या बांधणीत मनानं बदल करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. बेकायदा बदलाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता आपल्या ट्रॅक्टरकडं येऊ. त्याचा हुक आखाच्या मागंच असतो. म्हणून दोन चाकी ट्रॉली पुढून फार जड भरली की चढावर ट्रॅक्टर तोंड उचलतो. पोरं टाळ्या वाजवतात, पण तेव्हा स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं असतं. हुक उंच बांधला तर धोका आणखी वाढतो, म्हणून हुक खालीच हवा. चार चाकी ट्रॉलीचं उलटं. ती हुकावर जवळजवळ वजनच देत नाही. पण उतारावर तिला ब्रेक नसेल, तर ती ट्रॅक्टरला मागून ढकलते. आणि लक्षात ठेवा, वेग ताशी ३० चा ६० झाला तर थांबवायचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो.

आम्ही एकदा येलदरीच्या बाजूला रस्त्याकडेला उभी ट्रॉली पाहिली. हुकाच्या पिनेला खिटीच्या जागी खिळा वाकवून घातलेला. खिळा तुटला, पिन वर सरकली, ट्रॉली सुटून बाभळीला टेकली. ती रिकामी होती. ड्रायव्हर म्हणाला, "सर, परवा हिच्यात अकरा माणसं होती." तो खाली बसून राहिला होता, पुढं काही बोलला नाही. आम्हालाही काही सुचलं नाही.

म्हणून निघायच्या आधी एवढं बघा. पिनेला खरी खिटी. हुकासोबत वेगळी जाड साखळी, म्हणजे पिन निघाली तरी ट्रॉली पूर्ण सुटून जात नाही. जड पोती तळाशी आणि आखाच्या किंचित पुढं, हलकं सामान वर. मागं लाल रेडियम आणि चालू दिवा, कारण अंधारात उभी ट्रॉली दिसतच नाही. टायरची हवा. आणि उतार लागायच्या आधीच खालचा गिअर, उतारावर न्यूट्रल कधीच नाही.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वर सांगितलेलं सगळं नीट केलं, तरी ट्रॉली सामानासाठीच आहे. माणसं बसवायला कायद्याची परवानगी नाही, आणि काही झालं तर विम्याचा दावाही अडतो. आम्हाला माहीत आहे, बसचं भाडं जड जातं. म्हणून मुकादमाकडून उचल घेताना, आकडा ठरायच्या आधीच, माणसांच्या एस.टी.चं भाडं बोलून घ्या. एकट्यानं बोललं तर ऐकत नाहीत, दहा कोयते मिळून बोलले तर ऐकावं लागतं. सामान ट्रॉलीवर जाऊ द्या. लेकरं एस.टी.नं जाऊ द्या.

बैलाच्या मानेवर ओझं किती द्यायचं, हे आपल्या आजोबांना कळत होतं. यंत्राला मान नाही, ते ओरडून सांगत नाही. ते आपल्यालाच मोजावं लागतं.