गामा आज गादीवर उतरला तर

हुबळी-धारवाडकडच्या जत्रांत कुस्तीचा फड लागला की एक वाद हमखास रंगतो. जुनी मंडळी म्हणतात, पहिल्यासारखे पैलवान आता राहिले नाहीत. गादीवर तयार झालेली पोरं म्हणतात, तुमचे पैलवान आमच्यापुढे सहा मिनिटं टिकले नसते. मला दोघांचंही म्हणणं खरं वाटतं, आणि त्याचं कारण शरीरशास्त्रात सापडतं.

बॉक्सिंगवाल्यांत हाच वाद शंभर वर्षं चालू आहे. जॅक डेम्प्सी 1919 साली हेवीवेट जगज्जेता झाला तेव्हा त्याचं वजन जेमतेम 85 किलो होतं. समोरचा जेस विलर्ड 111 किलोचा, तरी पहिल्याच फेरीत डेम्प्सीने त्याला सात वेळा लोळवलं. आजच्या नियमांत डेम्प्सी हेवीवेट ठरलाच नसता, 90.7 किलोपर्यंतचे क्रूझरवेट किंवा त्याखालच्या गटांत बसतात. टायसन फ्युरी मे 2024 मध्ये रिंगणात उतरला तो सुमारे 119 किलोचा होऊन.

म्हणजे डेम्प्सीच्या 1.4 पट. पण वजन वाढतं त्या प्रमाणात ताकद वाढत नाही. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. शरीराची ठेवण तीच ठेवून वजन 1.4 पट केलं तर ताकद साधारण सव्वापट होते. शरीराचा पृष्ठभागही तेवढाच वाढतो, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर टाकायला मोठा देह कमी पडतो आणि लवकर दमतो. त्याच मे महिन्यातल्या लढतीत फ्युरीला हरवणारा ओलेक्झांडर उसिक क्रूझरवेटमधूनच वर आलेला, फ्युरीपेक्षा जवळजवळ 18 किलोंनी हलका. तेव्हा नुसता वजनकाटा बघून निकाल सांगता येत नाही. तरीही 34 किलोंचा फरक आणि लांब हात यांच्यापुढे, बारा फेऱ्यांत, डेम्प्सीचा निभाव लागणं मला अवघड दिसतं.

‘बारा फेऱ्यांत’ ही अट मात्र महत्त्वाची आहे. विलर्डने 1915 साली जॅक जॉन्सनला हरवलं ते 26व्या फेरीत, आणि ती लढत 45 फेऱ्यांची ठरली होती. कुस्तीत तर हा फरक आणखी मोठा आहे. आज फ्रीस्टाइलची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. आपला गामा पैलवान आणि पोलंडचा झ्बिस्को 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये अडीच तासांहून जास्त वेळ झुंजले, आणि निकाल लागला नाही.

लढतीची लांबी बदलली की शरीराचं इंधनही बदलतं. स्नायूंत साठलेलं क्रिएटिन फॉस्फेट पूर्ण जोराच्या झटापटीत दहाएक सेकंदांत संपत येतं. पुढचं मिनिट-दीड मिनिट ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय जळण्यावर मुख्य भार पडतो; मग हात भरून येतात, पकड सुटू लागते. त्यापुढची लढाई दमसासाची, म्हणजे हृदय-फुप्फुसांची. आजचा मल्ल पहिले दोन साठे पुन्हापुन्हा रिकामे करून झटपट भरण्याचा सराव करतो, कारण तो नुसता थोपवत उभा राहिला तर पंच ताकीद देतात. जुन्या पैलवानाच्या हजारो जोर-बैठका तिसऱ्या साठ्यासाठी होत्या. खडाखडी करत समोरच्याला दमवायचं आणि अर्ध्या-पाऊण तासानं डाव टाकायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं असे.

मातीचाही हिशेब वेगळा. ताक, तेल, हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीत अनवाणी पाय थोडा रुततो. बोटं माती धरतात, पण त्यामुळेच पटात, म्हणजे समोरच्याच्या पायांत, घुसायला क्षणभर उशीर होतो. माती घाम पिते. म्हणून पैलवान जोडीदाराच्या मानेला, दंडाला मूठभर माती लावतो, की पंजा घसरू नये. गादीवर बूट चटकन जोर देतो, पटात घुसणं विजेसारखं होतं, आणि घामेजलेलं अंग हातातून निसटतं. लंडनच्या मॅटवर झ्बिस्को पालथा पडून राहिला तेव्हा गामाला तो उलथवता आला नाही. तीच जोडी 1928 साली पतियाळात आखाड्यात भिडली आणि गामाने एका मिनिटाच्या आत कुस्ती मारली. मैदान आणि नियम बदलले की तेच दोघे किती वेगळे दिसतात, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

मातीतल्या माणसाला गादी शिकता येते का, याचं उत्तर कराड तालुक्यातून मिळतं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅट त्यांना नवी होती. तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी ब्राँझ पदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक.

म्हणून चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे, 1959 साली बंता सिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झालेले, आजच्या एखाद्या जोडीदाराशी थेट गादीवर लावले तर पहिल्या तीन मिनिटांत गुण त्यांच्या विरुद्ध जातील, असं मी म्हणेन. माती आणि वेळेचं बंधन नाही, असं ठरलं तर वीस मिनिटांनंतर मी खंचनाळ्यांच्या बाजूने उभा राहीन. आणि खाशाबांसारखी चार वर्षं त्यांना गादीवर मिळाली, शिवाय आजचा आहार आणि आजचे प्रशिक्षक मिळाले, तर सहा मिनिटांच्या कुस्तीतही माझा कौल त्यांनाच.