कारणे बदलत गेली, युद्ध मात्र तेच राहिले

शाळेला दांडी मारलेल्या पोराला आजी विचारते, का रे गेला नाहीस? तो म्हणतो, पोट दुखत होते. पोट तर बरे दिसते म्हटल्यावर म्हणतो, गुरुजीच आले नव्हते. गुरुजी आत्ताच रस्त्याने गेले म्हटल्यावर म्हणतो, पाऊस किती होता! अक्षरओळख नसलेल्या त्या आजीला कारण आणि सबब यांतला फरक नेमका कळतो. कारण खोटे ठरले की त्यावर उभी असलेली कृतीही कोसळते. सबब खोटी ठरली की दुसरी सबब पुढे येते, कृती मात्र जागची हलत नाही.

हीच कसोटी अमेरिकेने 2003 साली इराकवर लादलेल्या युद्धाला लावून पाहिली पाहिजे. त्या युद्धाला दोन दशकांहून अधिक काळ लोटला. सद्दाम हुसेन यांना 30 डिसेंबर 2006 रोजी फाशी झाली, जॉर्ज बुश 2009 मध्ये पायउतार झाले. मग हे जुने मढे आता कशाला उकरायचे, असे कोणी म्हणेल. उकरायचे ते यासाठी की माणसे गेली तरी त्यांनी वापरलेली पद्धत सत्तेच्या तिजोरीत शाबूत आहे, आणि ती कोणत्याही देशाच्या कोणत्याही सरकारला उसनी घेता येते.

सुरुवातीला सांगितले गेलेले कारण एकच आणि अगदी ठसठशीत होते. 26 ऑगस्ट 2002 रोजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी माजी सैनिकांच्या मेळाव्यात जाहीर केले की सद्दामकडे महासंहारक अस्त्रे आहेत यात शंकाच नाही. सप्टेंबरमध्ये कोंडोलिझा राईस यांनी अणुस्फोटाच्या ढगाची भीती घातली. पुरावा मागत बसाल तर तो पुरावा अणुबॉम्बच्या रूपानेच डोक्यावर पडेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याच महिन्यात ब्रिटिश सरकारने पुस्तिका काढली आणि 45 मिनिटांत सद्दामची अस्त्रे सज्ज होऊ शकतात असे सांगितले. ही मोहीम सप्टेंबरमध्येच का सुरू झाली, याचे उत्तर व्हाईट हाऊसचे चीफ ऑफ स्टाफ अँड्र्यू कार्ड यांनी स्वतःच वर्तमानपत्राला दिले होते. बाजाराच्या दृष्टीने ऑगस्ट महिन्यात नवा माल आणायचा नसतो, असे ते म्हणाले. म्हणजे माल तयार होता, प्रश्न फक्त दुकान कधी उघडायचे एवढाच होता!

ऑक्टोबर 2002 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने 296 विरुद्ध 133 आणि सिनेटने 77 विरुद्ध 23 मतांनी राष्ट्राध्यक्षांना युद्धाचा अधिकार दिला. 28 जानेवारी 2003 च्या भाषणात बुश यांनी सद्दाम आफ्रिकेतून युरेनियम मिळवू पाहत असल्याचे सांगितले. 5 फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत चित्रे, ध्वनिफिती आणि हातातली एक छोटी कुपी दाखवून जगाला हादरवले. ट्रकवर फिरणाऱ्या जंतुअस्त्रांच्या प्रयोगशाळांची माहिती ज्या पळून आलेल्या इराक्याने दिली होती, त्याने 2011 मध्ये आपण खोटे बोललो हे स्वतःच कबूल केले. पॉवेल यांनीही 2005 मध्ये ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग असल्याचे मान्य केले. पण डाग पॉवेल यांच्या कारकिर्दीवर पडला आणि बॉम्ब बगदादवर पडले, हा फरक आहे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. त्या वेळी इराकमध्ये संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक हजर होते. सुरक्षा परिषदेच्या 1441 क्रमांकाच्या ठरावानुसार 27 नोव्हेंबर 2002 पासून त्यांचे काम सुरू झाले होते. 7 मार्च 2003 रोजी त्यांचे प्रमुख हॅन्स ब्लिक्स यांनी सुरक्षा परिषदेला सांगितले की उरलेल्या कामाला वर्षे लागणार नाहीत, आठवडेही पुरणार नाहीत, काही महिने लागतील. त्याच दिवशी अणुऊर्जा संस्थेचे मोहम्मद अल बरादेई यांनी युरेनियम खरेदीची कागदपत्रे बनावट असल्याचे सांगितले. अस्त्रे हेच खरोखर कारण असते तर ती शोधणारी माणसे जागेवर होती आणि आणखी काही महिने मागत होती. त्यांना ते महिने मिळाले नाहीत. 20 मार्चला हल्ला सुरू झाला. पुढे 14 जुलै 2003 रोजी बुश पत्रकारांना म्हणाले की सद्दामला आम्ही निरीक्षकांना आत घेण्याची संधी दिली होती, पण त्याने त्यांना येऊच दिले नाही. सगळ्या जगाने ज्यांना दूरदर्शनवर बगदादमध्ये फिरताना पाहिले होते, ते निरीक्षक चार महिन्यांत इतिहासातून गायब झाले.

अस्त्रे सापडली नाहीत. मग शब्द आक्रसू लागले. आधी ‘अस्त्रे’ होती, मग ‘अस्त्रांचे कार्यक्रम’ झाले, आणि जानेवारी 2004 च्या भाषणात ‘अस्त्रांशी संबंधित कार्यक्रमांच्या हालचाली’ एवढेच उरले. त्याच महिन्यात शोधपथकाचे प्रमुख डेव्हिड के यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले की आपण जवळजवळ सगळेच चुकलो होतो. मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या पत्रकारांच्या मेजवानीत राष्ट्राध्यक्षांनी आपल्या कार्यालयात टेबलाखाली वाकून पाहतानाची छायाचित्रे दाखवली. अस्त्रे इथेच कुठेतरी असतील, असा तो विनोद होता आणि सभागृह हसले. त्या दिवशीही इराकमध्ये माणसे मरत होती.

दुसरे कारण 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्याचे. 19 अपहरणकर्त्यांपैकी 15 सौदी अरेबियाचे होते, इराकी एकही नव्हता. तरीही भाषणांमधून सद्दाम आणि 11 सप्टेंबर हे शब्द असे शेजारी शेजारी ठेवले गेले की ऑगस्ट 2003 च्या एका पाहणीत 69 टक्के अमेरिकनांना त्या हल्ल्यात सद्दामचा हात असण्याची शक्यता वाटत होती. सप्टेंबरमध्ये बुश यांनी असा पुरावा आपल्याकडे नाही हे मान्य केले. लोकांना पटवायला दीड वर्ष लागले, मान्य करायला एक वाक्य पुरले.

यानंतर लोकशाहीची पाळी आली. 6 नोव्हेंबर 2003 रोजी बुश यांनी मध्यपूर्वेत स्वातंत्र्य आणण्याचे मोठे भाषण केले. येथे विरोधी बाजूचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे, कारण ते अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, एका युद्धाला अनेक कारणे असू शकतात. संसदेच्या ठरावातही अनेक कारणे नमूद होती, आणि फेब्रुवारी 2003 मध्येच बुश यांनी मुक्त इराकची भाषा केली होती. शिवाय सद्दाम जुलमी नव्हता का? होता, निःसंशय होता. 16 मार्च 1988 रोजी हलब्जा गावावर विषारी वायू सोडून त्याच्या सैन्याने सुमारे पाच हजार कुर्द स्त्री-पुरुष-मुलांना मारले. त्या कुर्दांना सद्दाम गेल्याचा आनंद झाला असेल तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण जुलूम हे कारण असेल तर ते 1988 मध्ये सर्वात प्रबळ होते, आणि तेव्हा अमेरिका इराणविरुद्धच्या युद्धात सद्दामच्या पाठीशी होती. डिसेंबर 1983 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे दूत म्हणून बगदादला जाऊन सद्दामशी हस्तांदोलन करणारे गृहस्थ डोनाल्ड रम्सफेल्ड होते, आणि 2003 मध्ये युद्ध चालवणारे संरक्षणमंत्रीही तेच. त्याहून स्पष्ट पुरावा टोनी ब्लेअर यांनी दिला. 25 फेब्रुवारी 2003 रोजी त्यांनी ब्रिटिश पार्लमेंटला सांगितले की सद्दामची राजवट मला घृणास्पद वाटते, पण त्याने अस्त्रे टाकली तर आजही तो ती वाचवू शकतो. याचा अर्थ काय? अस्त्रे नसलेला जुलमी चालणार होता. हलब्जाचे मृत त्या दिवशी हिशेबात नव्हते. अस्त्रांचे खाते रिकामे निघाल्यावर त्यांना हिशेबात घेतले गेले.

लांडगा आणि कोकराची गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. तू पाणी गढूळ केलेस. महाराज, पाणी तुमच्याकडून माझ्याकडे वाहते. मग तू मागच्या वर्षी शिवी दिलीस. मागच्या वर्षी मी जन्मलोही नव्हतो. मग तुझ्या बापाने दिली असेल! पुष्कळांनी तेव्हा ही गोष्ट सद्दामला लावली, ती मला पटत नाही. सद्दाम कोकरू नव्हता. प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभी होती ती इराकची जनता, जिने आधी त्याचा जुलूम सोसला, मग 1990 पासूनचे आर्थिक निर्बंध सोसले आणि शेवटी तिच्या मुक्तीसाठी म्हणून बॉम्ब सोसले.

कारण कसे निवडले गेले, हे संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ 2003 च्या मे महिन्यात बोलून गेले. सरकारी यंत्रणेतील सर्वांचे एकमत होऊ शकेल असा मुद्दा म्हणून अस्त्रांचा मुद्दा घेतला, असे त्यांनी एका मासिकाला सांगितले. मे 2005 मध्ये लंडनहून एक गुप्त टिपण फुटले. ते 23 जुलै 2002 च्या बैठकीचे होते, आणि वॉशिंग्टनमध्ये ठरलेल्या धोरणाभोवती माहिती आणि तथ्ये बसवली जात आहेत, असे त्यात नोंदले होते. त्यानंतर पाचच दिवसांनी ब्लेअर यांनी बुश यांना काहीही झाले तरी आपण तुमच्यासोबत असू असे लिहिले होते, हे चिलकॉट चौकशीच्या 2016 च्या अहवालाने जगापुढे आणले. निर्णय आधी, कारण नंतर. इलिनॉय विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीने 2004 मध्ये नेत्यांची भाषणे आणि बातम्या चाळून या युद्धाची वेगवेगळी 27 कारणे मोजली होती. बिचारीने केवळ ऑक्टोबर 2002 पर्यंतचीच मोजली!

मला स्वतःला सर्वात भयंकर वाटते ते 2005 च्या ऑगस्टमधले कारण. इराकमध्ये मुलगा गमावलेली सिंडी शीहान ही आई बुश यांच्या टेक्सासमधील शेतघराजवळ जाऊन बसली. माझा मुलगा कोणत्या उदात्त कार्यासाठी मेला, एवढेच तिला विचारायचे होते. राष्ट्राध्यक्ष तिला भेटले नाहीत. त्याच महिन्यात माजी सैनिकांपुढे बोलताना त्यांनी मृत सैनिकांचे आकडे सांगितले आणि ज्या कामासाठी त्यांनी प्राण दिले ते पूर्ण करणे हे आपले त्यांच्याप्रती देणे आहे, असे सांगितले. आता युद्धासाठी माणसे मरत नव्हती, मेलेल्या माणसांसाठी युद्ध चालले होते. या कारणाला कोणताही निरीक्षक खोटे ठरवू शकत नाही, कारण रोज नवे प्रेत आले की ते आणखी खरे होते. आठवडाभराने त्यांनी आणखी एक कारण सांगितले. आपण निघालो तर इराकच्या तेलविहिरी दहशतवाद्यांच्या हाती जातील. 15 फेब्रुवारी 2003 रोजी जगभरच्या शेकडो शहरांतून रस्त्यावर उतरलेले लोक तेलाचे नाव घेत होते, तेव्हा त्यांना वेड्यात काढले गेले होते.

या सबबींची किंमत कोणी मोजली? न्यूयॉर्कच्या हार्लेममधून निवडून येणारे कृष्णवर्णीय खासदार चार्ल्स रँगेल स्वतः कोरियाच्या युद्धात जखमी झालेले. त्यांनी जानेवारी 2003 मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचे विधेयक आणले. युद्धाचा ठराव करणाऱ्यांची आणि श्रीमंतांची मुले सैन्यात असती तर हे युद्ध इतक्या सहज पुकारले गेले नसते, हा त्यांचा मुद्दा होता. ऑक्टोबर 2004 मध्ये ते विधेयक 402 विरुद्ध 2 मतांनी पाडले गेले. निवडणुकीच्या तोंडावर ते घाईने मतास टाकल्याच्या निषेधात रँगेल यांनीही विरोधात मत दिले. आपल्या मुलांवर पाळी येणार म्हटल्यावर सभागृहात केवढी एकजूट! कृष्णवर्णीयांनी मात्र आपल्या परीने उत्तर दिले. 2000 साली अमेरिकी लष्कराच्या नव्या भरतीत त्यांचे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या जवळ होते, 2005 पर्यंत ते सुमारे 14 टक्क्यांवर आले. ज्यांच्या आधीच्या पिढीने व्हिएतनाम पाहिला होता, आणि त्या युद्धाचा परवाना 1964 मध्ये टोंकिनच्या आखातातील न घडलेल्या हल्ल्यावर कसा मिळवला गेला हे पाहिले होते, त्यांना सबबी ओळखायला पुस्तके वाचावी लागली नाहीत.

आपल्या देशातही तेव्हा शब्दांचा खेळ झाला. 8 एप्रिल 2003 रोजी लोकसभेने ठराव केला. हिंदीत त्यात ‘निंदा’ हा शब्द होता, इंग्रजीत मात्र मुद्दाम सौम्य शब्द योजला होता, म्हणजे विरोधकही खूश आणि वॉशिंग्टनही नाराज नाही. त्यानंतर अमेरिकेने आपले सैन्य इराकमध्ये मागितले. पाठवावे असे म्हणणारे पुष्कळ होते. पुनर्बांधणीची कंत्राटे मिळतील, महासत्तेची मैत्री मिळेल, अशी गणिते ते मांडत होते. 14 जुलै 2003 रोजी वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याचे सांगून नकार दिला. त्या सरकारशी आमचे मतभेद शंभर असतील, हा निर्णय योग्यच होता. सैन्यात जाणारी पोरे कोणत्या घरांतली असतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

सैन्य गेले नाही, मजूर मात्र गेले. मे 2003 मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकचे सैन्य एका हुकमाने बरखास्त केले आणि लाखो शस्त्रधारी माणसे रस्त्यावर आली. त्या अनागोंदीत अल कायदाची इराकी शाखा वाढली आणि तिच्यातूनच पुढे इसिस उभी राहिली. इसिसने जून 2014 मध्ये मोसुल घेतले, तेव्हा तेथे बांधकामावर असलेल्या भारतीय कामगारांपैकी 39 जणांना पळवून नेले. बहुतेक पंजाबचे, काही हिमाचल, बिहार आणि बंगालचे होते. त्यांच्या घरच्यांना जवळजवळ चार वर्षे ती जिवंत असल्याच्या आशेवर ठेवले गेले. 20 मार्च 2018 रोजी, युद्ध सुरू झाले त्याच तारखेला, परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत ते सर्व मारले गेल्याचे सांगितले. 2 एप्रिलला त्यांपैकी 38 जणांच्या शवपेट्या विमानाने आधी अमृतसरला उतरल्या.