मशीन रक्त धुते, पण आतड्याचे काय?

आठवड्यातून दोनदा, कुणाला तीनदा, पहाटेची एसटी. शेवगाव, पाथर्डी, नेवासे, जामखेडकडून नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचे) डायलिसिसला येणाऱ्या माणसाचा दिवस असा सुरू होतो. सोबत बहुधा घरातली बाई असते. तिचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. चार तास हाताला सुया लावून पडून राहायचे, मग परतीची गाडी. घरी आल्यावर शेजारीपाजारी विचारतात, "झालं का रक्त साफ?"

खरे उत्तर असे की, झाले, पण सगळे नाही. काही विष मशीनला निघत नाही, आणि ते तयार होते आपल्याच आतड्यात. ही गोष्ट रुग्णाच्या घरच्यांना सहसा कुणी समजावून सांगत नाही, म्हणून आजचा हा लेख.

डायलिसिसचे पहिले यशस्वी मशीन हॉलंडच्या डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली महायुद्धाच्या धामधुमीत बनवले. सॉसेज नावाच्या मांसाच्या पदार्थावर चढवतात ते सेलोफेनचे आवरण त्यांनी गाळणी म्हणून वापरले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई त्या मशीनमुळे बेशुद्धीतून शुद्धीवर आली. आजच्या मशीनचे तत्त्वही तेच. बारीक छिद्रांतून लहान कण बाहेर जातात, मोठे आत राहतात. युरिया लहान, तो निघून जातो. पण इंडॉक्सिल सल्फेट आणि पॅरा-क्रेसिल सल्फेट ही दोन विषे रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून बसतात. अल्ब्युमिन मोठे. ते शरीराला हवेच असते, म्हणून गाळणी त्याला आत ठेवते. त्याच्या पाठीवर बसलेले विषही त्यामुळे बरेचसे आतच राहते.

हे विष येते कुठून? आपल्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. सगळ्यांचे वजन मिळून पाव किलोसुद्धा भरत नाही. ते आपले शत्रू नव्हेत. भाकरीचा कोंडा, भाजीचे धागे, डाळीचे साल, जे आपल्याला पचत नाही ते खाऊन ते आतड्याच्या भिंतीला पोसणारी आम्ले तयार करतात. पण हा चोथा मिळाला नाही तर ते न पचलेल्या प्रथिनांवर तुटून पडतात, आणि त्यातून वरची विषे होतात. निरोगी माणसाची किडनी ती लघवीवाटे टाकून देते. किडनी बंद पडलेल्या माणसाने ती कुठे टाकायची?

अमेरिकेतील डॉ. टिमोथी मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली याचा पक्का पुरावा दिला. डायलिसिसवर असलेल्या, पण काही आजारामुळे मोठे आतडे काढून टाकलेल्या रुग्णांचे रक्त त्यांनी तपासले. त्यांच्या रक्तात ही विषे जवळजवळ नव्हतीच! पुढे २०१३-१४ मध्ये कॅलिफोर्नियाचे डॉ. वझिरी यांच्या गटाने २४ रुग्ण आणि १२ निरोगी माणसे यांच्या आतड्यांतले जिवाणू ताडून पाहिले. रुग्णांमध्ये विष करणारे वाढले होते आणि भिंत पोसणारे घटले होते.

आता प्रतिकारशक्तीकडे वळू. आतड्याची आतली भिंत एका पेशीच्या जाडीची असते आणि तिच्या पलीकडे शरीराच्या शिपाई पेशींचा सर्वांत मोठा तळ असतो. किडनीच्या रुग्णाच्या रक्तात साठलेला युरिया आतड्यात झिरपतो, जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि अमोनियामुळे या भिंतीचे सांधे सैल होतात. विटांमधला चुना निघाला की पावसाचे पाणी आत येते, तसे जिवाणूंचे बारीक तुकडे रक्तात येतात. शिपाई पेशी रात्रंदिवस त्यांच्याशी झुंजत राहतात. या झुंजीत रक्तवाहिन्या आणि हृदय खराब होते, भूक मरते, अंग वाळते. खरा शत्रू, म्हणजे न्यूमोनिया किंवा सुईच्या जागेचा संसर्ग आला की थकलेले शिपाई कमी पडतात. डायलिसिसच्या रुग्णांच्या मृत्यूंत हृदयविकाराच्या खालोखाल जंतुसंसर्गाचा नंबर लागतो, त्याचे हे एक कारण.

आता चुलीजवळ येऊ, कारण खरा घोटाळा तिथेच होतो.

डॉक्टरांनी सांगितलेले असते, "पोटॅशियम वाढते, फळे-भाज्या जपून." घरी पोचेपर्यंत त्याचे "भाजी बंद" होते. मग माणसाला पांढरा भात, चहा-बिस्किट आणि खारी यांवर ठेवतात. भाकरीही बंद, का तर "जड पडते." मी पाहिलेला पथ्याचा एक कागद इंग्रजीत होता. त्यात ब्रोकोली होती, दोडका नव्हता. मग त्या बाईने काय करावे?

ज्याने शेणखताचा खड्डा भरला आहे त्याला हे लगेच समजेल. नुसते ओले शेण टाकत गेलो तर खड्डा कुजतो, डोळ्यांना झोंबणारा वास सुटतो. त्यात काडीकचरा, पाचट मिसळले की वास जातो आणि खत चांगले होते. आतड्याचेही तसेच आहे. चोथा बंद केला की कुजणे वाढते. शिवाय बद्धकोष्ठ होते, आणि ते या रुग्णाला दुहेरी घातक. किडनी बंद पडल्यावर पोटॅशियम बाहेर टाकण्याचे थोडे काम मोठे आतडे अंगावर घेते. शौच अडली की तेही काम अडते. म्हणजे ज्या भीतीने भाजी बंद केली, तीच भीती मागल्या दाराने घरात आली.

तेव्हा ज्वारीची भाकरी चालू ठेवावी, पीठ चाळून कोंडा फेकू नये. दोडका, दुधी, कोबी, काकडी यांत पोटॅशियम त्या मानाने कमी. भाजी बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात भिजवावी, मग जास्त पाण्यात उकळावी आणि ते पाणी ओतून द्यावे. त्याचे कालवण करू नये. फळात सफरचंद किंवा अननसाची फोड. केळी, शहाळे, टोमॅटोचे सार, बटाटा यांना हात आखडता. मटकी, डाळ, अंड्याचा पांढरा भाग बंद करू नये, कारण मशीनवरच्या माणसाला प्रथिने उलट जास्त लागतात. धान्य-कडधान्यातला फॉस्फरस अंगात पुरता शोषला जात नाही. पाकिटातल्या पदार्थांतला जास्त शोषला जातो. मिठाऐवजी मिळणारे "लो सोडियम" मीठ तर घरात आणूच नये, त्यात पोटॅशियम घातलेले असते. किती खायचे ते मात्र दर महिन्याचा रिपोर्ट दाखवून डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

डॉ. मेयर यांच्याच गटाने २०१४ साली डायलिसिसच्या रुग्णांना सहा आठवडे न पचणारा स्टार्च दिला, तेव्हा रक्तातले मोकळे इंडॉक्सिल सल्फेट उतरले. भाकरी थंड झाली की तिच्यातही असा स्टार्च थोडा वाढतो. शिळ्या भाकरीला नाक मुरडणाऱ्यांनी हे वाचावे. याने आयुष्य किती वाढते, हे सहा आठवड्यांत कळत नसते.

"चांगल्या जिवाणूंच्या" पुड्या आणि कॅप्सूल महाग विकल्या जातात. त्यांवरचे निष्कर्ष अजून उलटसुलट आहेत. जपानमध्ये १९९१ पासून एक खास कोळसा पोटात देतात, तो विष शोषतो. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत किडनी वाचवण्यात त्याचा फायदा सिद्ध झाला नाही. कर्ज काढून असले काही घेऊ नका. घरचे वाटीभर दही, मीठ न घालता, रोजच्या पाण्याच्या हिशेबात धरून, डॉक्टरांना विचारून चालेल. ताक-आंबिलही त्याच हिशेबात. पौर्णिमेच्या खीरदानाला आग्रह होतो, तेव्हा दोन चमच्यांवर थांबा आणि वाढणाऱ्याला कारण सांगा.

मेडिकलवरून आपल्या मनाने आणलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या आतड्यातले चांगले जिवाणूही मारतात, तेव्हा ती सवय सोडावी.

थकलेल्या शिपायांचा आणखी एक परिणाम असा की लस नीट लागत नाही. म्हणून हिपॅटायटिस-बीची लस या रुग्णांना दुप्पट मात्रेत, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, चार वेळा देतात: पहिल्या दिवशी, मग पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागली का ते पाहतात. ही तपासणी राहून जाते, ती मागून घ्यावी. डायलिसिस महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन जावे. आणि पुढच्या खेपेला भाज्यांची यादी मराठीत लिहून मागावी, दोडक्यासकट.