पुळणीवरचा झारेकरी

पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं गुप्तधन दिसतं, अशी आपल्याकडची जुनी समजूत. तिच्यापायी किती परसं खणली गेली आणि किती भोंदू पोसले गेले, याचा हिशेब नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथ गावाच्या पुळणीवर कानांत हेडफोन घालून, हातातली मेटल डिटेक्टरची काठी डावी-उजवीकडे झुलवत, मोजून पाऊल टाकणारा माणूस डोळ्यांपुढे आणला, की मला हा पायाळू आठवतो. पण गुप्तधनाचा मालक कधीच मरून गेलेला असतो, त्याचं नावगावही कोणाला ठाऊक नसतं. इथल्या धनाची मालकीण दहा पावलांवर ओल्या केसांनी उभी असते आणि सारखी आपल्या रिकाम्या बोटाकडे बघत असते.

मराठीत या माणसाला जवळचा शब्द आहे, झारेकरी. सोनाराच्या दुकानातला केर आणि भट्टीतली राख विकत घ्यायची, धुवायची, गाळायची आणि तिच्यातून सोन्याचे कण वेचायचे, हा झारेकऱ्याचा धंदा. पुळणीवरच्या माणसाकडेही झारा असतोच. लांब दांड्याचा, पोलादी, बुडाला भोकं पाडलेला, आपल्या बुंदीच्या झाऱ्याचा थोरला भाऊ. तो वाळूत खुपसायचा, उचलायचा, पाण्यात हिसळायचा. वाळू गळून जाते. उरतं ते बहुतेक वेळा बाटलीचं बूच असतं.

बोर्नमथ हे इंग्रजांचं दीडशे-दोनशे वर्षांचं हवा खायचं ठिकाण. साधारण अकरा किलोमीटरची सलग पुळण, मधोमध समुद्रात शिरलेला पिअर, मागे रंगीत लाकडी झोपड्यांची रांग. पालिकेनं भाड्यानं द्यायला बांधलेली अशी पहिली झोपडी इथलीच, १९०९ ची. उन्हाचा एक चांगला दिवस उगवला की सगळं लंडन इकडे लोटतं. २५ जून २०२० ला, कोरोनाचे निर्बंध जरा सैल झाल्यावर, एवढी माणसं आली की पालिकेला मोठी आपत्ती जाहीर करावी लागली. आता या गर्दीतल्या प्रत्येकाच्या बोटांचा विचार करा. ऐन उन्हाळ्यातही इथलं पाणी सतरा-अठरा अंशांच्या वर फारसं जात नाही. गार पाण्यात बोटं आक्रसतात. अंगाला चोपडलेल्या सनस्क्रीननं ती निसरडी झालेली असतात. चेंडू फेकायला हात जोरात मागे-पुढे होतो आणि गेली वीस वर्षं साबण लावूनही न निघालेली अंगठी सुळकन निघते. दुसरी तऱ्हा याहून साधी. पाण्यात जाताना हरवू नये म्हणून अंगठी काढून चपलेत ठेवायची, आणि परतल्यावर चप्पल झटकायची!

मग अंगठी शोधून देणाऱ्या अशा झारेकऱ्याला फोन होतो. हा माणूस फोनवर जे विचारतो तेच त्याचं खरं कसब, असं माझं मत झालं आहे. यंत्र विकत मिळतं, ते कोणीही घेईल. अंगठी कशी आहे, हा त्याचा पहिला प्रश्न नसतोच. पाणी कुठवर होतं, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत? तोंड कुठे होतं, पिअरकडे की उलट? मागे वळून पाहिल्यावर कुठल्या रंगाची झोपडी दिसत होती? अंगठी गेल्याचं कळलं कधी, आणि त्याआधी ती बोटात असल्याचं नक्की आठवतं ते कधी? या दोन वेळांमधलं अंतर म्हणजेच शोधायची जागा. माणसं पहिल्या दमात ‘इथेच, या इथेच’ म्हणून बोट दाखवतात आणि ते बोट हमखास चुकतं. कारण ती जागा अंगठी गेल्याचं कळल्याची असते, अंगठी पडल्याची नसते. त्या दिवशीचे फोटो त्यापेक्षा कामाला येतात. तीन वाजून दहा मिनिटांच्या फोटोत अंगठी आहे आणि पावणेचारच्या फोटोत नाही, एवढं हाती आलं तरी निम्मं काम झालं. बोर्नमथला आणखी एक सोय आहे. वाळू वाहून जाऊ नये म्हणून किनाऱ्यापासून समुद्रात आडवे बांध घातले आहेत, त्यांना तिथे ग्रॉइन म्हणतात. त्यांच्यामुळे पुळणीचे आपोआप वाफे पडतात. कुठल्या दोन बांधांच्या मध्ये, एवढं पक्कं झालं की अकरा किलोमीटरचा किनारा एका वाफ्याएवढा होतो.

मग वाफ्यात दोऱ्या ताणायच्या किंवा टाचेनं रेघा ओढायच्या आणि नांगरल्यासारखं एकेक तास घेत जायचं. काठीच्या टोकाला ताटलीएवढी चकती असते. ती वाळूला जवळजवळ टेकवून झुलवायची, आणि प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर निम्मा चढला पाहिजे. घाई केली की मधल्या पट्ट्या सुटतात, आणि अंगठी नेमकी त्याच पट्टीत असते, असं या लोकांचं ठाम म्हणणं.

चकतीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यात सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज सोडतात, त्यामुळे खाली वाळूत तसंच बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात विजेचे बारीक भोवरे फिरू लागतात, ते उलटं क्षेत्र तयार करतात, आणि दुसरं वेटोळं ते ऐकतं. धातूकडून आलेला हा जबाब किती उशिरा आला यावरून यंत्र अंदाज बांधतं की खाली लोखंड आहे, चांदी आहे की आणखी काही.

या कल्पनेचा जन्म समुद्रावरचा नव्हे, मरणशय्येवरचा. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात कुठे अडकली ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं यंत्र घेऊन आले. ते धातू असल्याचं सांगत होतं, पण जागा दाखवीना. गादीखालच्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ घातला होता. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. पुढे १९२० च्या दशकात गेर्हार्ड फिशर विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओवर काम करत असताना त्यांच्या लक्षात आलं, की जमिनीत खनिज असेल तिथे उपकरण चुकतं. ही चूकच त्यांनी धंद्याला लावली.

यंत्र माणसाच्या हातात आलं ते मात्र दुसऱ्या महायुद्धात. १९४० मध्ये जर्मन उतरतील या धास्तीनं ब्रिटननं आपल्याच किनाऱ्यांवर सुरुंग पेरले. बोर्नमथच्या पिअरचा मधला भाग लष्करानं मुद्दाम तोडून टाकला. सुरुंग पेरल्याचे नकाशे होते, पण वाळू नकाशाचं कुठे ऐकते? स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानं सुरुंग शोधणारं, एका माणसाला उचलता येईल असं यंत्र तयार केलं, त्याचं पेटंट घेतलं नाही आणि ते ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं. घरची माणसं जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये अडकली होती म्हणून युद्धभर त्याचं नाव गुप्त ठेवावं लागलं. १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळवंटात अशी पाचशे यंत्रं वापरली गेली. युद्ध संपल्यावर ती भंगाराच्या भावात बाजारात आली आणि सुरुंगांऐवजी नाणी शोधणारे शौकीन तयार झाले.

नाणं सोपं असतं. सोनं बेरकी. पातळ सोन्याच्या अंगठीचा आवाज आणि शीतपेयाच्या डब्याच्या कडीचा आवाज जवळजवळ सारखा येतो; चॉकलेटची चुरगळलेली चांदीही त्याच सुरात बोलते. ‘कचरा ऐकवू नकोस’ असं यंत्राला बटण दाबून सांगता येतं, पण मग ते अंगठीही गिळतं. म्हणून जाणता माणूस सगळं ऐकतो आणि सगळं खणतो. एका अंगठीमागे पिशवीभर कड्या, बुचं, तंबूच्या खुंट्या आणि खेळण्यातल्या मोटारी. हा कचरा त्यानं वाळूत परत टाकायचा नाही, असा या मंडळींचा दंडक आहे.

आपल्या वाचकांनी, विशेषतः कोकणात सहलीला जाणाऱ्यांनी, एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बंद कडं हे या यंत्राचं आवडतं गिऱ्हाईक, कारण विजेच्या भोवऱ्याला अख्खा फेरा घालायला वाट मिळते. अंगठी म्हणूनच चांगली बोलते. बारीक साखळी बोलत नाही. तिची प्रत्येक कडी वेगळी आणि चिमुकली, शेजारच्या कडीला नुसती टेकलेली. भोवरा त्या कडीतच फिरतो आणि तिथेच विरतो. चार तोळ्यांची गोफासारखी साखळी अर्ध्या ग्रॅमच्या चांदीच्या कागदापेक्षा हलकी ऐकू येऊ शकते. मंगळसूत्र हरवलं तर काळे मणी यंत्राच्या लेखी नाहीतच, साखळी असून नसल्यासारखी. सगळी भिस्त दोन वाट्यांवर. त्या सलग पत्र्याच्या, म्हणून बोलतात. सासर-माहेरच्या वाट्यांचा हा उपयोग ज्यांनी त्या प्रथम घडवल्या त्यांच्या मनात खासच नसेल.

खारं पाणी हे दुसरं दुखणं. मिठाचं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे ओली वाळू स्वतःच धातूसारखी कुरकुरते. कोरड्या वाळूवर झकास चालणारं साधं यंत्र लाटेच्या रेषेवर गेलं की बरळायला लागतं. म्हणून किनाऱ्यावरचे लोक एकाच वेळी अनेक वारंवारितांवर ऐकणारी यंत्रं घेतात, नाहीतर विजेचा ठोका देऊन त्याचा विझत जाणारा पडसाद ऐकणारी. हे दुसरं यंत्र खोल ऐकतं, पण लोखंड आणि सोनं यांत त्याला फारसा फरक कळत नाही. गंजका खिळाही त्याला तेवढाच प्यारा.

आणि वर समुद्र. वाळूच्या कणापेक्षा शुद्ध सोनं सातपट जड असतं. दागिन्याचं सोनं भेसळीमुळे थोडं हलकं, तरी वाळूला ते पेलवत नाही. लाट येते, वाळू सैल होते, अंगठी थोडी उतरते. पुन्हा लाट, पुन्हा थोडी. शिंपल्यांचा किंवा चिकणमातीचा घट्ट थर लागेपर्यंत ती उतरत राहते. चांगलं यंत्र एवढ्या लहान वस्तूला वीत-दीड वीत खोलीपर्यंत ऐकतं. शर्यत आहे ती या उतरण्याशी. बोर्नमथची भरती तर आणखी तऱ्हेवाईक. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, इथे जेमतेम दोन मीटर. त्यातही भरतीचा कळस गाठून पाणी थोडं ओसरतं आणि पुन्हा चढतं. ओहोटीला समुद्र फार मागे हटत नाही, त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यात पडलेली अंगठी बऱ्याचदा कोरडी पडत नाही. तिथे पाण्यात उतरूनच झारा मारायचा, लाटेत पाय रोवून, ऐकलेल्या आवाजावर भरवसा ठेवून. शिवाय वाहून गेलेली वाळू भरून काढायला १९७० च्या दशकापासून समुद्रातली वाळू उपसून या पुळणीवर आणून घालतात. जुन्या अंगठ्यांवर अशी नवी गादी चढत जाते. मग एखाद्या हिवाळ्यात वादळ ती गादी ओढून नेतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टॉर्च घेऊन ही मंडळी हजर.

पैशाचा विषय तिथे संकोचानं निघतो. बरेच जण ठरलेली फी सांगत नाहीत. सापडलं तर खुशीनं द्या, नाही सापडलं तर पेट्रोलपुरते. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ख्रिस टर्नर यांनी २००९ मध्ये ‘द रिंग फाइंडर्स’ नावाची अशा शोधकांची यादी सुरू केली, तीही मुख्यतः याच रिवाजावर चालते. मालकाचा पत्ता नसलेली अंगठी सापडली की मात्र खरी परीक्षा. आतल्या बाजूला नावं आणि लग्नाची तारीख कोरलेली असेल तर शोध उलटा सुरू होतो, अंगठीवरून माणसाचा. इंग्लंडचा कायदा विचारतो, मालक शोधायला तू रास्त खटपट केलीस का?

आपला कायदाही तेच विचारतो, आणि गंमत म्हणजे अंगठीचंच उदाहरण देऊन. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ खाली एक दाखला होता. एकाला मौल्यवान अंगठी सापडते, कोणाची ते त्याला ठाऊक नाही, मालक शोधायची खटपट न करता तो ती लगेच विकतो, तो गुन्हेगार. आता हे कलम भारतीय न्याय संहितेत ३१४ व्या क्रमांकावर आहे. १८७२ चा करार कायदा सापडवणाऱ्याचीही बाजू घेतो. मालकानं इनाम जाहीर केलं असेल, तर ते हाती पडेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क त्याला आहे. पुरलेल्या धनाचा कायदा निराळा, १८७८ चा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवा, असं तो सांगतो.

दहा रुपयांवरून दिवेआगर आठवलं. १९९७ मध्ये तिथल्या एका वाडीत खणताना पेटी लागली आणि तिच्यातून गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. २०१२ मध्ये तो चोरीला गेला, ते सगळ्यांना माहीत आहे. मुखवटा सापडला त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही घरचे सगळे दर्शनाला गेलो होतो. दर्शन झाल्यावर समुद्रावर गेलो आणि आत्याची अंगठी पाण्यात गेली. काका, आम्ही मुलं, शेजारचा शहाळीवाला, सगळ्यांनी हातांनी वाळू उपसली. अंधार पडला, भरती आली. ‘सोनं मिळालेल्या गावात सोनं घालवून आलो’, हे वाक्य आत्या अजून प्रत्येक लग्नकार्यात ऐकवते.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा तिला फोन करून बोर्नमथचे प्रश्न विचारले. ती एक क्षणही थांबली नाही. “दोन सुरू होते बघ शेजारी-शेजारी, एकाखाली म्हशीचा खुंटा होता. त्यांच्या बरोब्बर समोर. पाणी पोटऱ्यांपर्यंत. आणि ओहोटी लागलेली, कारण माझी चप्पल आत ओढली जात होती आणि तुझे काका तिच्यामागे धावले. चप्पल मिळाली हो.”

मी म्हटलं, “आत्या, ते सुरू आता असतील असं वाटत नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं ना, त्यात तिथले खूप सुरू पडले.”

“बरं, मग?” आत्या म्हणाली. “खुंटा असेल की.”