स्वतःच्याच रक्तातलं औषध

सुरतेच्या पूर्वेकडचा पट्टा म्हणजे पर्वत पाटिया, गोडादरा, लिंबायत आणि डिंडोली. धुळे, नंदुरबार, जळगावकडून यंत्रमागाच्या आणि साड्यांच्या कामासाठी आलेली मराठी माणसं इथे स्थिरावली, त्यांची मुलं इथेच वाढली. घरात कुणाला कॅन्सर निघाला की नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, टाटाला दाखवलं का? टाटा म्हणजे परळचं टाटा मेमोरियल, 1941 पासून चालत आलेलं. त्याच टाटाच्या खारघरच्या शाखेत गेल्या काही वर्षांत जे घडलं, ते लिम्फोमाच्या रुग्णांसाठी फार मोलाचं आहे.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ येते आणि बहुतेक वेळा ती दुखत नाही. सोबत ताप, रात्री दरदरून घाम, उतरत जाणारं वजन. टीबीचीही लक्षणं नेमकी हीच. त्यामुळे आपल्याकडे बायोप्सी न करताच टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि आजाराला मोकळं रान मिळतं. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणूनच त्याचं जास्त वाईट वाटतं.

या आजाराचे प्रकार अनेक. त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा आक्रमक प्रकार म्हणजे डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. ‘आर-चॉप’ नावाच्या केमोने यातले साधारण 60 टक्के रुग्ण बरे होतात. खरा प्रश्न उरलेल्यांचा आहे. केमोला दाद न देणाऱ्या अशा रुग्णांचा मोठा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या उपचारांनी आजार पूर्ण आटोक्यात आला तो फक्त 7 टक्क्यांचा, आणि निम्मे रुग्ण साधारण सहा महिन्यांत दगावले. कार-टी नावाच्या नव्या उपचाराची गरज नेमकी या रुग्णांना आहे.

आपल्या रक्तात टी-पेशी असतात. विषाणूची लागण झालेल्या पेशी ओळखून मारणं हे त्यांचं काम. कर्करोगाच्या पेशी मात्र घरच्याच असल्याने त्यांच्या नजरेतून सुटतात. कार-टीमध्ये रुग्णाचं रक्त काही तास यंत्रातून फिरवून टी-पेशी वेगळ्या काढतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे, रोग पसरवण्याची ताकद काढून टाकलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवं जनुक घालतात. त्यातून पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राही (रिसेप्टर) तयार होतो आणि तो, ज्यांचा हा लिम्फोमा असतो त्या बी-पेशींवरचं ‘सीडी 19’ हे प्रथिन हेरतो. मग या पेशी वाढवून, तपासून, गोठवून रुग्णालयात परत येतात. साडीच्या बाजारात तयार माल उचलता येतो. हे औषध मात्र मापाचं ब्लाऊज शिवावं तसं एकेका माणसासाठी वेगळं बनतं. त्याच्या किमतीचं मोठं कारण हेच.

अमेरिकेत 2012 मध्ये एमिली व्हाइटहेड या लहान मुलीच्या ल्युकेमियावर हा प्रयोग यशस्वी झाला आणि जगाचं लक्ष तिकडे वळलं. 2017 मध्ये तिथे लिम्फोमासाठीही परवानगी मिळाली. त्यामागच्या चाचणीत दहापैकी आठ रुग्णांच्या गाठी आक्रसल्या होत्या. किंमत होती 3 लाख 73 हजार डॉलर, आणि तीही फक्त औषधाची.

पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हेच औषध इथे बनवायला घेतलं. परदेशी कार-टीत हेरणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडातून घेतलेला होता. मुंबईच्या चमूने तो माणसाच्या प्रथिनाच्या जवळ जाईल असा बदलला. सरकारच्या बायरॅक संस्थेने पहिल्या चाचणीसाठी 19.15 कोटी रुपये दिले. 4 जून 2021 रोजी टाटाच्या खारघर शाखेत, म्हणजे ‘ॲक्ट्रेक’मधल्या बोन मॅरो विभागात, देशातल्या पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. तेव्हा कोविडची दुसरी लाट जेमतेम ओसरत होती. डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरुला यांच्यासारख्या टाटाच्या डॉक्टरांनी ही जोखीम त्या दिवसांत उचलली, याचं कौतुक व्हायलाच हवं.

ऑक्टोबर 2023 मध्ये या औषधाला, म्हणजे ‘नेक्सकार-19’ला, औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. ‘इम्युनोॲक्ट’ कंपनी ते नवी मुंबईत बनवते. 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचं लोकार्पण झालं. 2025 मध्ये चाचणीचे आकडे ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आले. एकूण 64 रुग्णांपैकी ज्यांचा परिणाम मोजता आला, त्यांतल्या सुमारे 73 टक्क्यांना गुण आला.

पण पुढचा आकडाही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवा. लिम्फोमाच्या रुग्णांत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ सुमारे चार महिने होता. काहींचा आजार दीर्घकाळ दबून राहतो, अनेकांचा परततो. जवळपास सगळ्यांच्या रक्तपेशी काही काळ खूप उतरल्या, आणि दोन मृत्यू उपचारामुळेच झाले. टी-पेशी एकदम चवताळल्या की तीव्र ताप येतो, रक्तदाब कोसळतो. त्यावर टोसिलिझुमॅब हे औषध हाताशी ठेवावं लागतं. हा त्रास गंभीर झालेले रुग्ण मात्र 5 टक्केच होते.

बाजारात येताना या औषधाची किंमत तीस ते चाळीस लाखांच्या घरात होती. परदेशाच्या तुलनेत ती दहाव्या हिश्शाएवढी, तरी माग चालवणाऱ्या घरासाठी आवाक्याबाहेरचीच. गुजरातच्या आयुष्मान-मा योजनेची मर्यादा 10 लाखांची आहे. जानेवारी 2025 मध्ये बंगळूरच्या ‘इम्युनील’ने दुसरं देशी कार-टी औषध आणलं. स्पर्धेने दर उतरतील, पण सरकारी योजनांनी या उपचाराकडे स्वतंत्रपणे पाहिल्याशिवाय सामान्य रुग्णाला तो मिळणं कठीण आहे.

नेक्सकार-19ची परवानगी 15 वर्षांवरच्या, आधीच्या उपचारांना दाद न दिलेल्या किंवा आजार उलटलेल्या बी-पेशींच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी आहे. टी-पेशींच्या लिम्फोमाला ती लागू नाही. केमोच्या फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या की टी-पेशी थकतात, मग त्यांच्यापासून चांगलं औषध बनणं अवघड जातं. म्हणून दुसऱ्यांदा आजार उलटला की डॉक्टरांना कार-टीबद्दल लगेच विचारावं. आणि सुरतेहून परळला निघताना फाइल आणि पेट स्कॅनबरोबर बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक व काचेच्या स्लाइडही स्थानिक लॅबमधून मागून घ्याव्यात. टाटाचे डॉक्टर गाठीचा प्रकार स्वतः पुन्हा तपासून पाहतात, आणि ब्लॉक नसले की रुग्णाला तेवढ्यासाठी परत सुरतेची गाडी पकडावी लागते.