घराच्या पायऱ्या किती?

तुमच्या घराला पायऱ्या किती? तांदळाची कोठी कुठे ठेवलेली असते? गल्लीतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं? आता समजा, तुमची आणि तुमच्या वडिलांची उत्तरं जुळली नाहीत, तर तुम्हाला परतीच्या बोटीत बसवतील!

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड या बेटावर १९१० ते १९४० या काळात हजारो चिनी माणसांनी ही परीक्षा दिली. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद केलं होतं. व्यापारी, विद्यार्थी आणि अमेरिकन नागरिकांची मुलं मात्र येऊ शकत. त्यात १९०६च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोतली जन्माची दप्तरं जळाली. मग अनेक चिन्यांनी आपला जन्म इथलाच असल्याचं सांगितलं आणि परक्यांच्या मुलांना कागदोपत्री आपलं म्हणवून बोलावून घेतलं. हेच ते ‘कागदी मुलगे’.

ते सगळी उत्तरं वहीतून पाठ करत आणि किनारा दिसण्याआधी वही समुद्रात फेकत. पण खरा मुलगाही एखादी पायरी चुकला, तर संशयित ठरे. निकाल लागेपर्यंत दिवस जात, महिने जात. काहींची तर जवळजवळ दोन वर्षं गेली. नवरा-बायकोलाही वेगळं ठेवत.

या बेटावर भारतीयही अडकले. पेशावरचे वैष्णोदास बगाई १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांसह आले. चौकशीनंतर त्यांना आत सोडलं. पुढे ते नागरिकही झाले. पण १९२३ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि बगाईंचं नागरिकत्व गेलं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुलांना कलाबाईंनी वाढवलं.

चिन्यांवरची बंदी १९४३ मध्ये उठली. एंजल आयलंडच्या इमारती ओस पडल्या. १९७० मध्ये त्या पाडण्याचा बेत असताना अलेक्झांडर वाइस या रखवालदाराला लाकडी भिंतींवर कोरलेली चिनी अक्षरं दिसली. त्या कविता होत्या! कुणी घरची आठवण कोरली होती, कुणी संताप. पुढे अशा दोनशेहून अधिक कविता सापडल्या. त्यांच्यामुळेच इमारत वाचली. आज तिथे संग्रहालय आहे.

अधिकाऱ्यांनी घराच्या पायऱ्या विचारल्या होत्या. घराची ओढ कुणी विचारली नव्हती. ती भिंतीने जपली.