गर्द सुटतं, पण एकट्यानं नाही

एखाद्या घरातला मुलगा गर्दात अडकला, तर त्याला कोंडून ठेवू नका. अफूपासून होणारं हेरॉइन, त्याचंच हे भेसळीचं रूप. ते थांबलं की उलट्या, जुलाब, हाडं मोडल्यासारखं दुखणं, झोप उडणं सुरू होतं. गर्दुल्ले याला ‘टर्की’ म्हणतात. बहुधा आठवडाभरात ती ओसरते. ओढ मात्र महिनोन्‌महिने राहते. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध देतात. ‘एक व्यसन सोडून दुसरं’ हा आक्षेप मला चुकीचा वाटतो. या औषधानं माणूस कामावर जाऊ शकतो, जगतो.

सर्वांत मोठा धोका सुटल्यानंतरचा. शरीराची सहनशक्ती घटलेली असते, तेव्हा जुन्याच मात्रेनं श्वास बंद पडू शकतो. घसरलेल्याला म्हणूनच हाकलू नये, लगेच उपचारांकडे न्यावं.

पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं ‘मुक्तांगण’ सुरू केलं, ते गर्दच्या साथीमुळेच. तिथं औषधाइतकंच समुपदेशन आणि पाठपुराव्याला महत्त्व आहे. कुठं जावं ते कळत नसेल, तर सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे.